काळे लंगोट आणि तुझ्या पुड्या

धाकटे,

शी काळी होते हे सांगायला तुझी जीभ झडली होती का? आशीर्वाद मागाहून, आधी हे ऐक. दवाखान्यातली एवढी मोठी नर्स तू. जाताना डबाभर पुड्या हातात ठेवल्यास, नातीच्या भातात रोज एक कालव म्हणालीस, रक्त वाढेल, भूक लागेल, सगळं सांगितलंस. तेवढं एक राहिलं! (असो. तुझे गुडघे कसे आहेत? मी बरी होते, तुझ्या पुड्या येईपर्यंत.)

आमची गोटी तू पाहिलीच आहेस. दीड वर्षाची झाली तरी भिंतीला टेकून बसायची, तळहात खडूसारखे पांढरे. म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवला, आणि नुसता ठेवला नाही, गल्लीभर वाटला. शेजारची शिवणवाली, समोरची इस्त्रीवाली, ज्यांच्या घरात रांगतं पोर आहे त्या सगळ्यांना बोलावून पुड्या दिल्या. वर म्हटलं, माझी सख्खी बहीण देते, डोळे मिटून घाला. घातल्या बायांनी. मग एका सकाळी नळावर लंगोट धुवायला गेलो, तर बघते तो प्रत्येकीच्या बादलीत डांबर! शिवणवालीने लंगोट तसाच उचलून माझ्या नाकासमोर धरला. (काय गरज होती? मला लांबून स्वच्छ दिसतं.) "काय घातलंस गं माझ्या लेकराला? आतून जळालं असेल पोर!" मी तशीच घरात पळाले आणि गोटीला उचललं.

पोरं काखेत मारून आम्ही सगळ्या जणी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे धावलो. तो मेला हसला! म्हणाला, लोहाने शी काळी होतेच, चालू ठेवा. बायांना त्याचं बोलणं पटलं असतं, पण हसणं झोंबलं. परत येऊन सगळ्यांनी पुड्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. आमच्या सूनबाईने माझ्यादेखत डबा उपडा केला, आणि मीच ओरडत होते, टाक, टाक, विष मेलं!

(मूठभर मी आधीच पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. डॉक्टर हसरा असला तरी शिकलेला आहे.)

सकाळी सून पाण्याला गेली की मी गुपचूप एक पुडी भरवायची. आणि काय सांगू, गोटी खाटेचा पाय धरून उभी राहिली! उभी राहून माझा चष्मा ओढला. मी आनंदाने रडायच्या बेतात, तोच सुनेच्या उशीखाली मला फाडलेली पुडी सापडली. माझी नव्हे, डबा उपडा करण्याआधी तिने लपवलेली! म्हणजे सकाळी मी आणि दुपारी ती. एवढंसं पोर आणि दोन दोन पुड्या! विचारायची सोय नाही, विचारलं की मीच सापडते. म्हणून मुकाट्याने माझी बंद केली.

तुझी,
ताई

ता. क. मी बंद केली तर लंगोट पिवळाधमक! म्हणजे तिलाही माझी पुडी सापडली असणार, आणि तिनेही मुकाट्याने बंद केली. आता कोणीच देत नाही. गोटी परत भाताचा घास थुंकते आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसतो. तेव्हा रविवारी नवा डबा घेऊन ये आणि सुनेसमोर, गल्लीसमोर मला चांगली मोठ्याने झाप. मी थोडी भांडेन, तू मागे हटू नकोस. मग मी नाइलाजाने हो म्हणेन.

दुसरा ता. क. शिवणवालीच्या बादलीत अजून डांबरच आहे. विचारलं तर म्हणते, पोराने काळी द्राक्षं खाल्ली. बाजारात द्राक्षाचा दाणा नाही! डबा मोठा आण.

आणि दोन पुड्या झाल्या त्याने गोटीला काही होणार नाही ना? रविवारची वाट बघू नकोस, हे एवढं गुरुवारच्या आत कळव. मला घास जात नाही.