रिकामा डबा पाठवू नको

प्रिय रूपा,

फौजेची एवढी गुपितं डोक्यात वागवतेस म्हणतात, आणि माझा स्टीलचा डबा कुठे ठेवला ते तुला आठवत नाही? उन्हाळ्यात आलीस तेव्हा जवसाची चटणी भरून दिली होती. झाकणावर तुझ्या आजोबांचं नाव ठोकून घेतलेलं आहे, ग्यानबा. मला वाचता येत नाही, पण त्या टिंबांवरून बोट फिरवलं की डोळे मिटूनही तो डबा ओळखते. चटणी संपली असेल, नाहीतर बुरशी धरून बसली असेल. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली, डबा काही आला नाही. दर फोनला तुझं एकच, 'अवं आजी, भुलली.' असं भुलणाऱ्या पोरीच्या भरवशावर देशाने कशी झोप घ्यावी, ते तुझ्या साहेबांनाच विचार.

साहेबांवरून आठवलं. तूच म्हणाली होतीस की तुमच्याकडे टपाल आधी दुसरंच कोणी उघडतं, वाचतं, मग तुमच्या हाती देतं. तर जो कोणी हे वाचत असेल त्याला माझा जय भीम. सावकाश वाच बाबा, फक्त कागदावर चहा सांडू नको. यात तोफा नाहीत, बंदुका नाहीत. एक म्हातारी आहे आणि तिची नात. तुझीही आजी कुठे असेल तर तिलाही एखादा फोन करत जा.

लिहिते आहे निता, आपल्या शेजारची. आता ती आशाताई झाली, दिवसभर लेकुरवाळ्या बायांच्या मागे फिरते आणि संध्याकाळी माझ्या तावडीत सापडते. ती म्हणते, आजी, साहेबलोक वाचतील, आपण शुद्ध लिहू. म्हणून माझ्या तोंडून निघतं वऱ्हाडी आणि कागदावर उतरतं शाळेतलं. तुला वाचताना ही कोण परकी बाई बोलते आहे असं वाटलं, तर तो दोष निताचा.

काल तुझ्या जुन्या खुणा आठवून एकटीच हसले. दसरा झाला की तुझे आईबाप वीटभट्टीवर जायचे, आता तर तिकडचेच होऊन बसले, आणि तू माझ्या गळ्यात. तू शाळेत, मी दुसऱ्याच्या वावरात निंदायला. शाळेतून आल्यावर मी कुठे गेले ते तुला कसं कळावं? चिठ्ठी लिहिता येत नव्हती, म्हणून दाराशी खूण ठेवून जायची. खराटा उभा तर वावरात, आडवा तर नदीवर, सूप पालथं तर मंगरूळपीरच्या बाजारात, म्हणजे यायला उशीर. गल्लीतल्या पोरांनी ते हेरलं. सूप पालथं दिसलं की म्हातारी संध्याकाळपर्यंत येत नाही हे त्यांना समजलं, आणि आपल्या कोंबडीची अंडी गायब व्हायला लागली. मी दारात उभी राहून साऱ्या गल्लीला शिव्या घातल्या. तू मात्र शिवी दिली नाहीस, सगळ्या खुणा फिरवून टाकल्यास. सोमवारी उभ्याचा अर्थ एक, मंगळवारी दुसरा. पोरं चक्रावली आणि मीही. एकदा बाजारात निघाले, आज गुरुवार, मग सूप कसं ठेवायचं, याचा विचार करत दारातच उभी राहिले आणि तिकडे एसटी निघून गेली. पण अंडी वाचली.

पुढे तू मोठी झालीस, कॉलेज केलंस, मग ते फौजेचं संशोधन. उन्हाळ्यात बाजेवर चिंचोके मांडून मला समजावलंस. फौजेचा निरोप इकडून तिकडे जातो. मध्ये कोणाच्या हाती लागला तरी त्याला काही उमगू नये असं कुलूप त्याला घालायचं. आणि शत्रू ते कुलूप कसं फोडेल, हे त्याच्या आधी आपणच फोडून पाहायचं. मी म्हटलं, म्हणजे अंड्यांचंच काम. तू म्हणालीस, 'हो आजी, अंडी जराशी मोठी हायेत.' चुलीवरचं वरण करपून त्याचा वास गल्लीभर गेला, पण तुला आला नाही, एवढी तू त्या चिंचोक्यांत बुडालेली. ते मी लक्षात ठेवलं आहे. का ठेवलं ते पुढे सांगते.

त्याच वेळी तू मला पढवलंस की माझं काम, माझी जागा, माझा नंबर, काही कोणाला सांगायचं नाही. गोड बोलून विचारणाऱ्याला तर मुळीच नाही. बरं म्हटलं. पण मी एकटीने तोंड मिटून काय उपयोग? म्हणून साऱ्या वस्तीला तयार केलं. हापशीवर सांगितलं, बचतगटात सांगितलं, बबलूच्या किराणा दुकानात उभं राहून सांगितलं, 'रूपाबद्दल कोनं बी विचारलं तं मले नाही मालूम म्हना.' त्यामुळे ज्यांना तुझ्या कामाचा पत्ताही नव्हता, त्यांनाही कळलं की काहीतरी लपवण्यासारखं आहे. निता हसून राहिली आहे. तिला म्हटलं, हासू नको, त्यात तू बी होती.

पोळा झाल्यावर एक माणूस मोटरसायकलवर आला. साधे कपडे, पाठीला बॅग, आणि बोलणं इतकं गोड की बबलूला लगेच संशय आला. तुझं नाव घेऊन घर विचारलं. बबलू म्हणाला, 'साहेब, रूपा नावाची तं इथं म्हैस बी नाही.' हापशीवरच्या बायांनी त्याला भलत्याच गावाचा, मानोऱ्याचा रस्ता दाखवला. पण तो चिवट, फिरून फिरून माझ्याच दारात आला. मी पाणी दिलं, बसायला बाज दिली. समोर भिंतीवर तुझा फोटो, काळा झगा आणि डोक्यावर ती चौकोनी टोपी. त्याने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, 'मले काय मालूम बापा. कारंज्याच्या बाजारातून फ्रेम आनली, हे पोरगी तिच्यात आधीपासूनच होती.' तो बराच वेळ फोटोकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे पाहिलं. नाक तर तुझं-माझं सारखंच आहे. पण पाणी पिऊन गेला बिचारा.

मी त्या दिवशी फार ऐटीत होते. वाटलं, रूपाचं गुपित आपण राखलं. आणि मग तुझा फोन आला की आजी, तो पोलीस होता. नव्या कामावर पाठवायच्या आधी सरकार गावात येऊन विचारतं, ही मुलगी खरी कुठली, कोणाची. आणि आपल्या गावाने ठासून सांगितलं की अशी मुलगीच नाही. तू इतकी हसलीस, इतकी हसलीस, की मला वाटलं तुला ठसका लागला. मग हसता हसता एकदम थांबलीस. त्या नव्या कामाचं तेव्हा पहिल्यांदा बोललीस. जागा कुठली ते सांगता येत नाही. फोन फाटकावर जमा करायचा. सुट्टी कधी ते आधी कळत नाही, बोलणं कधीमधी, तेही जमलं तर. पत्र तेवढं चालतं. आणि हळूच म्हणालीस, 'जाऊ दे आजी. नाही झालं तं नाही. वाशीमले कॉलेजात शिकवीन, शनिवारी घरी येत जाईन.'

रूपा, तू सहज बोललीस. मी ते पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या बाजेची नवार कसून घेतली. वाशीमची गाडी फाट्यावर कितीला येते ते कंडक्टरला विचारून आले, तो म्हणाला, आजी, कोण येऊन राह्यलं? मी म्हटलं, तुले कायले पाह्यजे? शनिवार आला की पीठ जास्त मळलं जायचं. तू येणार नाहीस हे ठाऊक होतं, अजून काही ठरलं नव्हतं, पण हाताला कोण समजावणार? रविवारी शिळी भाकर कांद्यासोबत मीच खायची. अंबाडीची भाजी केली की तुझं ताट पुढ्यात आहे असं धरून बोलायची. म्हणायची, तिखट झाली का वं? निताच्या सासूने एकदा ऐकलं आणि निताला पाठवलं, की बुढीचा ताप बघून ये.

आणि तू? तू दर फोनला माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागलीस. हे गुडघे तुझ्या बापाच्या जन्मापासून दुखतात, त्यांना एवढा मान कधी मिळाला नव्हता. मी दुखतात म्हटलं की तू म्हणायचीस, पाहा, तुझ्याजवळ कोणीतरी पाहिजे. मग मीही जरा जास्त कण्हायची. आपण दोघी मिळून त्या गुडघ्यांच्या आड लपून बसलो होतो. पण मी तुझा आवाज ओळखते. चिंचोके मांडून बोलत होतीस तेव्हा तुला श्वास घ्यायला सवड नव्हती. वाशीमच्या कॉलेजचं बोलतेस तेव्हा वाक्यावाक्याला थांबतेस, जशी लहानपणी कडू औषध पिताना थांबायचीस.

काल तो माणूस पुन्हा आला. या वेळी खाकीत, म्हणून गोड बोलायची गरज नव्हती. सोबत पोलीस पाटील, आणि त्यांच्या मागे तोंड पाडून बबलू. साहेब म्हणाला, 'आजी, आता शेवटचं इचारतो. जे सांगसान तेच वर जाईन. हे पोरगी तुमची व्हय का नाही?' मी चहा ठेवला होता. मला एवढंच म्हणायचं होतं, नाही मालूम. एकदा म्हटलंच होतं, जीभ सरावलेली होती. सारी वस्ती माझ्या मागे उभी राहिली असती, आणि एखाद्या शनिवारी तू वाशीमच्या गाडीतून उतरली असतीस, पिशवी माझ्याकडे फेकून, भूक लागली म्हणत. मी चहाकडे पाहत उभी राहिले. तो उतू गेला, गॅस विझला, तरी पाहत राहिले. मग बाजेवर चढून तुझा फोटो उतरवला, हे गुडघे घेऊन चढले बघ, पदराने पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, 'माही नात हाय. नाक पाहा.' तो हसला. चालचलन कसं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, खुणा फिरवल्या ते सांगितलं, डबा परत करत नाही तेही सांगितलं. शेवटी अंगठा घेतला. हात हलला, ठसा फाटला. म्हणे, पुन्हा द्यावा लागेल. म्हणजे मी तुला दोनदा दिली.

हे फोनवर सांगितलं असतं तर माझा आवाज फितूर झाला असता, आणि तू गुडघ्यांचं नाव घेऊन नाही म्हणून बसली असतीस. कागदावरचं अक्षर निताचं आहे, ते थरथरत नाही. म्हणजे आत्तापर्यंत नव्हतं थरथरत, आता तीच नाक पुसते आहे. म्हणून हे पत्र. तुला बोलावतील तेव्हा जा. माझ्यासाठी थांबू नको, माझ्या दाराशी खराटा उभाच आहे, कुठल्याही वारी ये, अर्थ एकच, म्हातारी जवळच आहे. आणि माझा डबा पाठव. रिकामा डबा आपल्यात परत करत नसतात, तेवढं तरी विसरली नसशील. कुठे आहेस ते लिहू नको. तिथल्या बाजारात जे मिळत असेल, तिथली माणसं रोजच्या जेवणात जे खात असतील, ते भरून पाठव. सुकी मासळी आली तर समजेन, पोरगी समुद्राकडे आहे. सुकलेले जर्दाळू आले तर समजेन, थंडीत आहे, आणि गोधडी शिवायला घेईन. ओळखलं तरी कोणाला सांगणार नाही, आमच्या वस्तीला गप्प बसता येतं हे आता सरकारलाही ठाऊक आहे. टपाल उघडणाऱ्या बाबा, तूही एक घास घे, पण एकच. आणि रूपा, जवसाची चटणी विकत घेऊन भरशील तर याद राख. तिथलंच काही पाठव, टिकणारं पाठव, आणि जरा जास्त पाठव. मला ते पुरवून पुरवून खायचं आहे.

तुझीच,
फ्रेमबरोबर आलेल्या पोरीची आजी,
भागिरथा