अप्पा अजून उतरले नाहीत

कळंबा, कोल्हापूर
१४ ऑगस्ट १९९९

तीर्थस्वरूप अक्काताईस,
सोमशेखरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे राग गेलेला नाही. अप्पा गेले त्या दिवशी निपाणीहून येताना तुझी एसटी वाटेत बंद पडली आणि आम्ही थांबलो नाही. पाऊस भरून आला होता, वडगावच्या मळ्यात खड्डा खणून तयार होता. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवूनच नेतात आणि बसवूनच पुरतात, म्हणून दवाखान्यातून अप्पांना त्यांच्याच गाडीत पुढं डावीकडं बसवलं आणि थेट मळ्यात नेलं. वाटेत केरबा पैलवानांनी हात केला, तर अप्पांनीही केला म्हणे. ते अजून सगळ्यांना सांगत फिरतात. मी हसण्यावारी नेतो.

आता घरात अव्वा आणि मी, दोघंच. आईच ती, काळजी वाटते गं. रोज संध्याकाळी ती गाडीत मागं जाऊन बसते. पुढच्या सीटवर कुणाला बसू देत नाही. कुणी बरोबर असलं की त्यांना मागं कोंबायचं आणि मी पुढं एकटा, त्यामुळं लोक शिटा भरणारं भाड्याचं वडाप समजून हात करतात.

राग सोड आणि चार ओळी लिही. माया आटू देऊ नकोस.

तुझा, सोमू


निपाणी
२ सप्टेंबर १९९९

चि. सोमशेखर यास,
अक्काताईचे अनेक आशीर्वाद.

राग आहेच. बापाचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, ते जन्मभर सलणार.

चौऱ्याण्णव साली ती गाडी आली, तेव्हा गल्लीतली पहिली चारचाकी. त्या काडेपेटीतून आपण सातजण ज्योतिबाला गेलो होतो. अप्पा चालवायला कधी शिकले नाहीत, पण पुढं बसून हुकूम सोडायचे. आठवलं की हसू येतं आणि लगेच रडू.

गाडी विकून टाक आणि अव्वाला माझ्याकडे आणून सोड. एकट्यानं सगळं अंगावर घेऊ नकोस. आठवण ठेवत जा.

तुझी, अक्काताई


कळंबा
२१ जानेवारी २०००

ती. अक्काताईस सा. न.

गिऱ्हाईक आलं होतं, डेअरीवाला कृष्णात. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, आत डोकावला आणि म्हणाला, की गाडी झ्याक हाय, पण पुढं बसलेल्या पावण्यांस्नी आधी उतरवा की. अक्का, पुढं कुणी नव्हतं.

अव्वा मात्र शांत. म्हणाली, की त्यांना दारात कुणी भाकरतुकडा ओवाळला न्हाय, या म्हटलं न्हाय, मग ते उतरतील कसं? खरंच आहे. लांबून आलेल्या माणसावरून घरच्या लेकीनं ओवाळून टाकल्याशिवाय आपल्याकडं उंबरा ओलांडत नाहीत. त्या दिवशी गाडी घराकडं आणायची आम्हाला सुचलंच नाही.

संक्रांतीपासून तिनं अन्न सोडलंय. ते बाहेर उपाशी असताना आपण कसं जेवायचं, म्हणते. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर ती हाती लागणार नाही. मला भीती वाटते. तू ये. लेकरू समजून जवळ घे.

सोमू


निपाणी
२ फेब्रुवारी २०००

चि. सोमू यास आशीर्वाद.

परवा कळंब्याला आले होते, तेव्हा तू दुकानातून आल्यावर समोरासमोर सांगवलं नाही, म्हणून लिहिते.

तू नसताना, अव्वाची समजूत काढायची एवढंच मनात धरून भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन मी गाडीपाशी गेले. डावीकडचं दार उघडलं. सीट रिकामी होती. ओवाळून टाकलं आणि म्हणाले, की अप्पा, मला उशीर झाला, पण आले मी. घर आलंय, उतरा. एवढं बोलले आणि मला हुंदका आवरेना.

तेवढ्यात गाडी डावीकडून सावकाश वर आली, थोराड माणूस उतरल्यावर येते तशी. दारात उभ्या अव्वानं डोक्यावर पदर घेतला आणि वाट द्यायला बाजूला सरली. मग आत जाऊन तिनं दोन ताटं वाढली आणि पोटभर जेवली. दुसऱ्या ताटाकडं बघायचा मला धीर झाला नाही.

गाडी आता खुशाल वीक. अव्वाला इकडं आणायचं मात्र राहू दे, ती येणार नाही. आणि घरात शिरताना चपला दणकन टाकत जाऊ नकोस, त्यांना खपत नाही.

तुम्हा तिघांचीही माया माझ्यावर राहू दे.

तुझी, अक्काताई