बिनदगडाची माती

आयोवा, ऑक्टोबर १८७४

धाकटे गुरो, तुला ताईचा आशीर्वाद.

मी खातेपिते, बरी आहे. आमचे म्हातारे, अस्लाक, पंधरवड्यापूर्वी गेले. रडत बसू नकोस.

आपल्या टोलेफने बापासाठी खड्डा खणला. कंबरेपर्यंत काळीभोर माती, खाली तपकिरी, मग पिठासारखी पिवळी. कडा सुरीने कापल्यासारख्या उभ्या. नॉर्वेत जन्मभर शेतातले मेले दगड वेचले, इथे थडग्यावर ठेवायला एक मिळेना!

सून म्हणते, "सासूबाई, लाकडाचा क्रूस पुरे की!" लाकूड कुजलं, की हिचीच पोरं वरून नांगर फिरवतील.

तुझे गुडघे कसे आहेत?

वसंतात तुझा निल्स इकडे येईल, तेव्हा त्याच्या पेटीत आपल्या बांधावरचा दगड घाल. कुरकुरला तर कुरकुरू दे. दोन नावं मावतील एवढा बघ.

तुझी ताई,
रान्हिल