जळलं नव्हतं, जाळलं होतं

प्रिय आईस,

शिरसाष्टांग नमस्कार. मी बरी आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. तुझा भाजलेला हात अजून आखडतो का? मामीला मलम लावायला सांगतेस ना, की संकोचाने गप्प बसतेस?

काल माझ्या आश्रयाच्या अर्जाची सुनावणी झाली. देश का सोडला, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आमचं घर जाळलं." दुभाष्याने त्यांच्या भाषेत सांगितलं की घर जळलं. दोन वर्षांत तेवढी भाषा मला कळायला लागली आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. जणू तूच स्टोव्ह चालू ठेवून झोपली होतीस.

माझी केस फुकट लढणाऱ्या वकीलबाईंना मी लगेच सांगितलं. त्या ताडकन उठल्या. नोंद दुरुस्त होईपर्यंत आम्ही पुढचं उत्तर देणार नाही, म्हणाल्या.

दुभाष्या मला हळूच म्हणाला, "ताई, एका कान्याने एवढं काय बिघडतं?"

"घर तुमचं असतं तर विचारलं नसतंत," मी म्हटलं.

नोंद बदलली. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, कोणी जाळलं? मी पाचही नावं सांगितली, शेजारच्या काकांचंसुद्धा. तू मात्र मामाकडेच राहा, त्या गल्लीत पाऊल टाकू नकोस.

निकाल महिन्याभराने आहे. काय लागेल ते लागो. आपल्या चौकीत ही नावं ऐकून हवालदाराने पेन खाली ठेवलं होतं. काल एक बाई तीच नावं एकेक अक्षर विचारून टाईप करत होती, आणि मी सावकाश सांगत होते.

तुझी, अजून धुमसणारी,
धाकटी