सगळ्या जखमांना एकच चिंधी

प्रिय माय,

आज दुपारी तो माझ्यासमोर बसला होता. तुझ्या आश्रमाचा व्यवस्थापक. उजवा अंगठा पिकून लिंबाएवढा झालेला. "ताई, पट्टी करून द्या," म्हणाला. ताई! तुला त्यानं कधी नावानंही हाक मारली नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

निराधार म्हाताऱ्यांच्या या आश्रमात तुला मीच ठेवलं. सुरतेच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला निघाले, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "जाय, शिकी ये." का गं नाही अडवलंस?

धानोऱ्यात तू सुईण होतीस. नाळ कापायची पात उकळल्याशिवाय बाळंतिणीजवळ जायची नाहीस. तुला कुठली शाळा? आणि तो शिकलेला माणूस घमेल्यातल्या त्याच पाण्यात, त्याच चिंधीनं अकरा जणींच्या जखमा पुसायचा!

शेजारच्या खाटेवरच्या अमीनाखालांनी मला सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईच्या पायाला धावरं झालं होतं, लाल सूज वर चढत होती. तिचा पाय पुसून तो तसाच तुझ्या टाचेच्या जखमेकडे वळला. तू पाय ओढून घेतलास.

"भाऊ, पह्यले हात धुई ले. ती चिंधी माले नको लावू."

"तू डाक्टर शे का, म्हातारी?" त्यानं पाय धरला आणि मुद्दाम तीच चिंधी दाबली.

सहाव्या दिवशी तू तापातच गेलीस. मला पोस्टकार्ड आलं, "वृद्धापकाळाने वारल्या." वृद्धापकाळाने!

शिकून आले आणि इथंच नोकरी मागितली. त्याला वाटलं, हिला काही ठाऊक नाही. आता प्रत्येकीची चिंधी वेगळी, उकळलेली. लढाईमुळं जंतू मारायचं कार्बोलिक मिळत नाही, पण साबण आणि चूल तर आहे ना!

खरं सांगू? आज कोपऱ्यातल्या बादलीत वापरलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. माझा हात तिकडे गेला, माय. अगदी गेला. एकच पट्टी पुरे होती. तू असतीस तर माझं मनगट धरलं असतंस. मी हात मागे घेतला आणि कोपरापर्यंत धुतला.

पण त्याला सोडलं नाही. सगळ्या खाटांसमोर विचारलं, "माझी माय तुम्हाला काय म्हणाली होती?"

त्यानं नुसता अंगठा पुढे केला. मी स्वच्छ पट्टी बाजूला ठेवून दिली. अंगठा ठणकत होता.

"हात धुवा म्हणाल्या होत्या," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

तो मोठ्यानं बोलला. अमीनाखाला उठून बसल्या. "और तूने क्या किया, वो भी बोल!"

तेही त्याला सांगावं लागलं. घामानं निथळत होता. मला किती गोड वाटलं! चुकलं का माझं? चुकलं असेल तर असू दे.

तू सांगितलंस तरी मी त्याला माफ करणार नाही. अंगठा मात्र रोज उकळलेल्या पट्टीनं बांधीन, पूर्ण बरा करीन. आश्रमाच्या पंचांपुढे कबुलीजबाबावर त्याला त्याच हातानं सही करायची आहे.

तुझी लेक,
गंगू