डाव्या बाजूचे दोन बोल्ट

आये, तुझी गाडी काल सरळ गेली. गोराईतल्या त्या सरळ रस्त्यावर मी दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजले. बाजूला बसलेली धाकटी ओरडली, "ए, मरायचंय का तुला? मला नाय मरायचं!" पण गाडी इकडची तिकडे झाली नाही. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तुझी पिकअप अजून धाकटीच चालवते, तुझ्याच गिऱ्हाइकांना मासळी देते. गेल्या महिन्यात गाडी आरटीओच्या पासिंगला नापास झाली. आता चाकं मशीनवर चढवून बघतात, तिथे "थोडी डावीकडे ओढते हो, सवय आहे आम्हाला" हे चालत नाही. चाकं सरळ केली नाहीत तर गाडी भंगारात, आणि नवी गाडी घ्यायची तिची ऐपत नाही. म्हणून माझ्या बोरिवलीच्या गॅरेजात आणली. आधी मात्र तिने मला तीन वेळा फोन करून विचारलं, "तुला त्रास नाय ना होणार?" सख्ख्या भावाला कोणी असं विचारतं का? मला तेव्हाच जरा टोचलं होतं.

गाडीखाली शिरल्यावर पहिली तुला शिवी घातली, खोटं कशाला बोलू. सगळी चासी गंजलेली. तू रोज संध्याकाळी गाडी धुवायचीस ती खाडीच्या पाण्याने. मासळीचं पाणी आधीच खारट, त्यावर आणखी खाडीच्या बादल्या! मी मेकॅनिकचं काम नुकतंच शिकलो होतो, मोठ्या ऐटीत तुला म्हणालो, "आये, खाऱ्या पाण्याने लोखंड सडतं, जरा तरी अक्कल वापर." तू बादली खाली ठेवलीस. "गोडं पानी गाडीवर ओतू? आनि मानसं काय पितील? अक्कल तुना हाय ना, मग घेऊन ये भरून बोरिवलीवरून." आपल्याकडे तेव्हा नळाला पाणी यायचं ते किती वेळ, हे मला माहीत नव्हतं थोडंच. त्याच आठवड्यात तू मला पान्यांचा सेट आणलास, रिंग पाने, चांगले जाड. बोटीतून आणताना कोणाची नजर नको म्हणून सुक्या बोंबलांच्या टोपलीत तळाशी लपवलेस. वर्षभर माझ्या हाताला बोंबलाचा वास, आणि उस्ताद मला "ए बोंबील" म्हणून हाक मारायचा. मी रागावलो होतो तेव्हा. ते पाने अजून वापरतो, सतराचा तेवढा हरवला.

मग तो दिवस. खरं म्हणजे त्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय. मी स्वतःचं गॅरेज टाकलेलं आहे, अलाइनमेंटचं नवं मशीन येऊन चारच दिवस झालेत. बाहेर दोन चकचकीत गाड्या लागल्यात, त्यांचे मालक खुर्च्यांवर बसून चहा पितायत. आणि समोरून तुझी पिकअप येते. माणसाला गोराईहून बोटीने यायला दहा मिनिटं लागतात, पण गाडी आणायची तर उत्तनवरून भाईंदर आणि तिथून हायवे असा केवढा वळसा. तू तो सगळा वळसा स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरत आली होतीस. उतरलीस ती खांदा चोळतच. मागून मासळीचं पाणी गळत होतं, थेट माझ्या नव्या लाद्यांवर. एका मालकाने नाकाला रुमाल लावला. तू म्हणालीस, "डावीकडं लई खेचते रं, टायर पन आतून खाल्ला. बघ ना जरा."

पुढच्या चाकांचा कल बदलायला चार बोल्ट असतात. चाक धरणाऱ्या लोखंडी आर्ममधून ते आरपार जातात, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. ते फिरले तर चाक सरळ होतं. गंजून आतल्या नळीला चिकटले तर मग तुझं नशीब. मी खाली वाकलो, बॅटरी मारली, बाहेर आलो आणि म्हणालो, "जाम आहेत. डिझेलमध्ये ऑइल मिसळून आठ दिवस सोड त्यावर, सैल झाले की आण." कुठे सोडायचं, विचारलंस. मी डावीकडच्या दोन बोल्टांकडे बोट दाखवलं. आठ दिवसांनी तू परत आलीस, परत तोच वळसा घेऊन. मी म्हणालो, "अजून सोड." त्यानंतर तू गाडी कधीच आणली नाहीस, आणि सुटलो बाबा, असं मला वाटलं होतं. घरी आलो की खांदा शेकत बसलेली दिसायचीस. मी विचारलं तर "जाळी ओढून झालंय" म्हणायचीस. तू तर मासळी विकायचीस, आये. जाळी कधी ओढत होतीस?

आता गेल्या चार दिवसांचं सांगतो. डावी बाजू वाईट म्हणून भीतीने मी उजवीकडून सुरुवात केली. वायर ब्रश मारला, तेल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी तुझा पाना लावला, जोर मिळावा म्हणून त्यावर हातभर पाइप चढवला, आधी जरासं आवळून मग सोडायचा प्रयत्न केला. ढिम्म नाही. नट शेवटच्या आट्यांवर ठेवून हातोडा मारला, म्हणजे आटे खराब होत नाहीत. तरी नाही. गॅसने तापवलं तर रबरी बुश जळून गॅरेजभर धूर. शेवटी दोन्ही बोल्ट कापले आणि त्या कापाकापीत आर्मची वाट लागली. इतक्या जुन्या गाडीचा आर्म आता येत नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात दिवस घालवला तेव्हा एक मिळाला, तोही उजवीकडचा. डावीकडचा कुणाकडेच नाही. म्हणजे डावे बोल्ट कापावे लागले आणि तो आर्म गेला, की गाडी गेली. धाकटी बाकड्यावर बसून होती. माझ्या हातांकडे बघत होती.

डावीकडे पाना लावला. पाइप घ्यायला हात मागे केला, पण म्हटलं आधी अंदाज तरी घेऊ, म्हणून नुसत्या हाताने जोर दिला. फिरला गं! एकदा कुरकुरला आणि फिरला. दुसराही तसाच. बाहेर ओढला तर अंगभर काळं तेल, गंज नुसता वरवरचा. मी गाडीखालूनच ओरडलो, "अगं, हे कोणी केलं?"

धाकटीने सीटच्या मागून खोबरेलाची रिकामी बाटली काढली, बारीक भोकाच्या टोपणाची. आत डिझेल आणि ऑइल. म्हणाली, "आये रोज गाडी धुतली की वाकून सोडायची. ती गेल्यावर मी सोडते. तूच सांगितलंस ना?"

"मग उजवीकडे का नाही सोडलं?"

"तू डावीकडेच बोट दाखवलेलंस म्हणे."

"आणि गाडी परत आणायची नाही का?"

"आये म्हनली, त्याची मोठी गिऱ्हाइकं असतात, त्याला त्रास नको देऊस. तो सांगेल तेव्हा न्यायची."

मी डोळे चोळत बाहेर सरकलो. डोळ्यांत गंज गेलाय म्हणालो. तिने ऐकून घेतलं, पण हसली नाही.

नवे बोल्ट ग्रीस भरून चारी जागी बसवले, चाकं मशीनवर घेतली, सगळे आकडे हिरवे आले. आज पासिंग झालं. गाडी अजून निदान काही वर्षं धाकटीचं घर चालवेल. बाटली मी तिच्याकडेच ठेवली आणि बोट चारही बोल्टांवर टेकवून दाखवलं. गोड्या पाण्याचं बोललो नाही. हे मी अलाइनमेंटच्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितोय, धाकटीच्या फाइलसाठी दुसरा छापून देईन. हा इथेच ड्रॉवरमध्ये पान्यांखाली राहील.

एक राहिलं. तू दुसऱ्यांदा आलीस तेव्हा जाता जाता विचारलं होतंस, "नीट बघितलंस ना रं?" आणि मी म्हणालो होतो, "बघितलं गं, पाइप लावून बघितलं, हलत नाय." आये, त्या दिवशी मी पाना हातातसुद्धा घेतला नव्हता. बाहेर गिऱ्हाइकं बसली होती, आणि तुझी गाडी तिथून लवकर जावी एवढंच मला हवं होतं.