आधी ट्यूब, मंग गवत

जाफराबाद, सोमवार, १२ सप्टेंबर १९९४

आमचा हेडमास्तर म्हणजे अक्कल गहाण ठेवलेला माणूस. तपासणीला साहेब येणार म्हणून सातवीच्या पोरींना उघड्या हातांनी मैदानातलं गाजरगवत उपटायला लावलं. शनिवारी पोरींचे हात सुजून लालभडक झाले. मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ट्यूब दिली आणि बजावलं, "पातळ थर लावा, पण त्या गवताला पुन्हा हात लावू देऊ नका."

आज हा शहाणा ट्यूब घेऊन मैदानात हजर!

"मॅडम, सगळ्यांना आधी हे लावा. मिरच्या कापायच्या आधी आपण हाताला तेल न्हाई लावत का? मंग बिलकुल काही होत न्हाई."

तेल म्हणे! सूज उतरवायचं औषध म्हणजे याला चिलखत वाटलं. आणि स्वतःचे हात खिशात.

संगीतानं हात पुढे केले. कोपरापर्यंत फोड. "बाई, लई आग होऊन राह्यली."

तेल म्हणे. मूर्ख!

पण त्यानं डॉक्टरांचं बोलणं ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं. तरी संगीताच्या फोडांवर ट्यूब पिळून "जा, उपट" म्हणणारी कोण? मीच.